वाजवू नका, घरी न्या

इरशाद कॉम्प्युटरला काहीही करायला लावायचा, पण माणसापुढं त्याची दातखीळ बसायची. त्यातही अजीम मास्तरांपुढं. मास्तरांचा ब्रास बँड कुरकुंभपासून तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत नावाजलेला, आणि त्यांची लेक मेहक दौंडात इरशादच्याच सायबर कॅफेत टायपिंग शिकायला यायची. दोघांचं जमलं होतं. मास्तरांना विचारायचं तेवढं राहिलं होतं. आज विचारतो, उद्या विचारतो करत लगीनसराई उलटून गेली, तरी या पठ्ठ्याच्या तोंडून शब्द फुटेना.

शेवटी मेहकनंच तोडगा काढला: बँडची वेबसाईट. त्या निमित्तानं घरी जाणं-येणं वाढेल आणि कधीतरी याचं तोंड उघडेल, हा तिचा हिशोब. इरशादनं साईट केली, मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि वरातीच्या धुनेवर क्लिक केलं. कॅफेभर बँड दणाणला. शेजारचा चहावाला दारात येऊन नाचायला लागला.

"बंद कर!" मास्तर कडाडले. "सुपारी घेतल्याबिगर माझा बँड वाजतोच कसा?"

"चाचा, ही नुसती फाईल हाय."

"असू दे. ज्याला पायजे त्यानं रीतसर घरी न्यावी. हितं चौकात फुकट वाजायची न्हाई."

आली का पंचाईत! क्लिक केलं की गाणं वाजतंच. ते न वाजवता हातात कसं द्यायचं, हे शोधताना इरशाद मेटाकुटीला आला. अखेर सापडलं. फाईल पाठवताना सर्व्हरनं सोबत ब्राउझरला एक ओळ धाडायची: ही उघडू नको, आधी विचार, मग उतरवून दे. कुठल्या नावानं द्यायची, तेही त्याच ओळीत लिहायचं. फायलींची नावं टाईप करायचं काम मेहकनं आपणहून मागून घेतलं.

मास्तर पुन्हा आले. मेहक शेजारी उभी, अगदी गरीब गाय. इरशादनं क्लिक केलं. आवाज नाही, नुसती एक चौकट उघडली. मास्तर खूश झाले आणि इंग्रजी अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचू लागले.

"इरशाद... मेहक... निकाह. सेव्ह, का कॅन्सल?"

इरशादच्या पायाखालची जमीन सरकली. मेहक पंख्याकडं बघत होती. खरं बोलावं तर बोल तिला लागणार. तो पुढं झाला.

"माझीच चूक हाय, चाचा. मीच लिवलं."

"खोटं बोलू नगंस," मास्तर म्हणाले. "येवढी छाती तुला असती, तर रोज घरी येऊन नुसता चहा पिऊन गेला नसतास. हे काम माझ्या पोरीचं हाय."

त्यांनी माऊस हातात घेतला. बाण भरकटत कॅन्सलवर गेला, तिथं जरा थांबला. इरशादनं डोळे मिटून घेतले. मास्तरांनी सेव्ह दाबलं.

"शुक्रवारी अम्मीला घरी घेऊन ये," ते उठता उठता म्हणाले. "आन् बोलणं तिलाच करू दे."