तीन ओळींचं निवेदन

गाव सोडून गेलेल्या लोकांना गावाची आठवण काढायला एक जागा लागते, आणि त्या जागेत झाडू मारायला एक फुकटचं माणूस लागतं. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला ते फुकटचं माणूस मी होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी मी शाळेत मराठी शिकवत असे आणि उरलेल्या वेळात आमच्या मेलगटाची मॉडरेटर असे. मॉडरेटर म्हणजे काय, हे मी सासूबाईंना एकदा समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे लोकाईचे भांडनं सोडवाचे, तेबी न दिसनाऱ्या लोकाईचे?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. त्यांना जे एका वाक्यात कळलं, ते मला कळायला दोन वर्षं गेली.

गट होता चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसांचा. म्हणजे खरं तर गट एक नव्हताच. मूलचा वेगळा, चिमूरचा वेगळा, वरोऱ्याचा, गडचिरोलीचा वेगळा. प्रत्येकाचे आपापले दोन-तीन मॉडरेटर. एका गटात आलेली मेल आपोआप बाकीच्या गटांत जाई. पण एका गटाने ती काढली तर बाकीच्यांतून निघत नसे. तिथल्या मॉडरेटरांच्या मनात आलं तर काढतील, नाहीतर राहील पडून. कुणी मुख्य नाही, कुणी मालक नाही. याचा आम्हाला इतका अभिमान होता की, महिन्यातून एकदा तरी कुणीतरी त्यावर लांबलचक मेल लिही. मालक नसल्यामुळे चूक कुणाची हे ठरवायची सोयही नव्हती. तो भाग त्या मेलमध्ये नसे.

सभासदांबद्दल काय सांगू? अमेरिकेत बसून एक गृहस्थ मोहाच्या फुलांसाठी ढसाढसा रडायचे. इथे होते तेव्हा त्या वासाने नाकाला रुमाल लावून फिरायचे, हे त्यांच्याच वर्गात शिकलेल्या एका बाईने मला सांगितलं होतं. पुण्याचे काही जण आमच्या झाडीपट्टीची झाडीबोली जतन करायला निघाले होते आणि घरी पोरांशी इंग्रजीत बोलत होते. वांग्यात झिंगे घालावेत की झिंग्यांत वांगी, यावर एकदा एकोणीस दिवस वाद चालला आणि शेवटी एकाने दुसऱ्याची जात काढली. ती मेल मी काढली. तर आठवडाभर मलाच शिव्या. कुठली मेल काढली, का काढली, आम्हाला न विचारता कशी काढली?

त्यातून नियम क्रमांक सात जन्माला आला. वरोऱ्याच्या मॉडरेटरांपैकी एक होते निवृत्त अधिकारी. माणूस निवृत्त झाला तरी त्यांचं परिपत्रक निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी सुचवलं की कुठलाही मजकूर काढला की तो कशाबद्दल होता, कुठल्या गावाबद्दल होता आणि का काढला, याचं निवेदन सही करून सगळ्या गटांना पाठवायचं. आणि निवेदन नेहमी सर्वांत वर. याला ते पारदर्शकता म्हणत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. उलट मला बरंच वाटलं की आता निदान शिव्या तरी थांबतील.

आता शनिवारच्या कागदाबद्दल सांगायला हवं, कारण तो माझ्याच डोक्यातून निघाला होता. मूलला बस स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता. भारनियमनातून जे काही तास सुटत, त्यात तिथे मेल बघता येई. खेड्यांत तेही नव्हतं. मग मी ठरवलं की आठवड्यातल्या निवडक मेल देवनागरीत टाइप करायच्या, कॅफेवाला दर शनिवारी त्या कागदावर काढील, आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती तीन गावांत पोचतील. तिथे पानठेल्यावर कागद डकवायचा. पानठेल्यावर गाव उभं असतं. कुणी वाचील, कुणी ऐकील. गटात माझं काय कौतुक झालं! इंटरनेट झाडीत पोचवणारी बाई, असं कुणीतरी लिहिलं. मी ती मेल जपून ठेवली होती. आता सांगायला लाज वाटते, पण ठेवली होती.

त्या तीनपैकी एका गावातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे एक बाई मासोळ्या घेऊन येत असे. मासेमार ढिवरांपैकी, नवरा गेलेला, लेक वरोऱ्याकडे दिलेली. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, टोकाला एकटीची झोपडी. डाव्या हातावर कोडाचे पांढरे डाग होते, म्हणून वाटा घालताना ती उजवाच हात पुढे करी. माझ्या घरी मात्र दोन्ही हातांनी घाली. वजनकाटा नाही, काही नाही, मासोळ्यांचे सारखे वाटे जमिनीवर मांडायची आणि म्हणायची, "घ्या जी बाई, कोनताबी उचला." मी कुठलाही उचलला तरी त्यात दोन झिंगे वरून टाकायची.

आणि एका सोमवारी तिच्याच गावच्या एका हुशार पोराचा, म्हणजे आता हैदराबादला मोठ्या पगारावर असलेल्या माणसाचा, लेख आला. 'आमच्या गावच्या गमती.' त्यात पाटलाचा रेडा होता, शाळेतली घंटा होती आणि चौथ्या पानावर पाळीवर राहणारी एक जादूवाली होती. पांढऱ्या डागांच्या हाताची. तिने नजर टाकली की जाळ्यातली मासोळी उलटी होते, आणि आम्ही पोट्टे तिच्या झोपडीसमोरून श्वास रोखून पळायचो, वगैरे. लिहिलं होतं गमतीत. लोकांनी हसून हसून उत्तरं पाठवली. अशी एक जादूवाली आमच्याही गावात होती, असं चौघांनी लिहिलं. शिकलेली माणसं, एकाची बायको डॉक्टर. आपल्याकडे या शब्दापायी बाईला गाव सोडावं लागतं, कधी त्याहून वाईट होतं, हे या सगळ्यांना ठाऊक होतं. पण लांबून तेही गमतीचंच दिसत असावं.

मी मूलच्या गटातून लेख काढला आणि बाकीच्या मॉडरेटरांना लिहिलं की तुम्हीही काढा, ही बाई खरी आहे, मी तिला ओळखते. वरोऱ्याहून उत्तर आलं की आधी निवेदन पाठवा, मग बघू. चिमूरचे एक मॉडरेटर तर पेटलेच. बेचाळीस साली आमच्या गावाने स्वातंत्र्यासाठी काय काय सोसलं, आणि आज तुम्ही एका लेखकाचा आवाज दाबता? बेचाळीस साली यांचे वडीलही शाळेत जात नव्हते. पण चिमूरला जन्म घेतला की काही लोकांना ते आयुष्यभर पुरतं. त्यांनी लेख ठेवला. गडचिरोलीच्या मॉडरेटरांनी काहीच कळवलं नाही. ते बहुधा त्या महिन्यात मेल बघतच नव्हते. म्हणजे लेख एका ठिकाणी गेला आणि तीन ठिकाणी राहिला. याला आम्ही विकेंद्रित व्यवस्था म्हणत होतो.

पण माझ्या मनात एक समाधान होतं. शनिवारच्या कागदावर तो लेख जाणार नव्हता. कागद माझ्या हातात होता. हैदराबाद, पुणे, अमेरिका काय हसायचं ते हसो, तिच्या गावात त्यातलं एक अक्षर पोचणार नव्हतं.

मग मी निवेदन लिहिलं. तासभर लागला. मराठीची शिक्षिका आहे मी, असं तसं लिहीन? अपमानकारक शब्द नको, लेखकाचं नाव नको, त्या बाईचं नाव तर नकोच. गावाचं नाव मात्र नियमाप्रमाणे हवं. शेवटी तीन ओळी जमल्या. अमुक गावी तलावाच्या पाळीवर राहणाऱ्या, मासोळी विकणाऱ्या विधवा महिलेवर जादूटोण्याचा आरोप करणारा मजकूर गटातून काढून टाकण्यात आला आहे. सदर मजकूर नियमांचा भंग करणारा होता. सर्वांनी नोंद घ्यावी. खाली माझं नाव, मॉडरेटर, मूल.

वरोऱ्याच्या साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते सगळ्या गटांसाठी आदर्श नमुना म्हणून मंजूर करून घेतलं. चिमूरनेसुद्धा भाषेचं कौतुक केलं.

आणि निवेदन नेहमी सर्वांत वर. शनिवारच्या कागदावरसुद्धा. कॅफेवाल्याने नियमाप्रमाणे ते वर घेतलं, ठळक अक्षरात. कागद मी पाहिला नव्हता असं म्हणायची सोय नाही. मी पाहिला. शुद्धलेखन तपासलं. 'सदर' शब्दानंतर एक जागा जास्त सुटली होती, ती काढायला लावली. मग कागद कंडक्टरच्या हातात दिला.

चार पानांचा लेख त्या गावात कुणी वाचला नसता. तीन ओळी सगळ्यांनी वाचल्या. पाळीवर राहणारी, मासोळी विकणारी, विधवा अशी गावात एकच बाई. आणि जादूटोणा हा शब्द छापलेला, वर सरकारी वाटणारी भाषा. 'काढून टाकण्यात आला आहे' हे कुणाला दिसणार? नोंद घ्यावी म्हटलं होतं, गावाने नोंद घेतली.

मंगळवारी बाई आली नाही. शुक्रवारी नाही. पुढचा मंगळवारही गेला. मी सासूबाईंना म्हटलंही की तलाव आटला असेल.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण ते सांगायला सोपं आहे. मी त्या गावी गेले, पानठेल्यावरचा कागद फाडला, सरपंचाशी बोलले, पोलीस पाटलाशी भांडले. शाळेत मुलांना तासभर समजावलं. सगळं केलं, पण उशिरा केलं. तोवर ती झोपडीला कडी घालून लेकीकडे निघून गेली होती. "गेली ना पळून," पानठेलेवाला मला म्हणाला, "कायीतरी असनच ना जी, नाई तं कोनी छापते काय?" मी मॉडरेटरकी सोडली. गटाने माझ्या निरोपाला सव्वीस मेल लिहिल्या. एकातही त्या बाईचा उल्लेख नव्हता. वरोऱ्याच्या साहेबांनी लिहिलं की माझं निवेदन गटाच्या इतिहासात कायम राहील. या सगळ्यांचा मला मनापासून तिटकारा येतो, आणि तो येणं फार सोयीचं आहे, हेही मला कळतं.

अवघड आहे ती त्याआधीची दुपार. ती गाव सोडायच्या आधी एका रविवारी आमच्या दारात आली. मासोळ्यांची डाली रिकामी. वर ये म्हटलं तर आली नाही, ओसरीखालच्या पायरीवरच बसली. इतकी वर्षं ती आमच्या ओसरीवर बसायची.

"मासोऱ्या नाई आनल्या जी," ती म्हणाली. "कोनी घेऊन नाई राह्यले. शेजारच्या पोरीले ताप आला तं चार जनं झोपडीसमोर येऊन उभे झाले. मले म्हंते, तूच केलं. मी काय केलं जी?"

मी ओसरीवर तिच्यासाठी पाट मांडला.

तिने कमरेला खोचलेला कागद काढला. घामाने ओला झाला होता, घड्यांवर अक्षरं पुसली होती. पानठेल्यावरून सगळे गेल्यावर तिने तो काढून आणला होता; पानठेलेवाल्याने पुढे शेजारच्या गावातला दुसरा आणून डकवला. "इथी काय लिवलं हाये ते वाचून दाखवा ना. गावात कोनी मले वाचून नाई दाखवत. कागदाकडं पाहतेत अन् माह्याकडं पाहतेत."

मी वाचलं. तीन ओळी. वर्गात वाचते तशा स्पष्ट आवाजात वाचल्या, कारण दुसरा आवाज निघेना. मग सोप्या करून सांगितल्या. तुझ्यावर कुणीतरी खोटा आळ घेतला होता, तो काढून टाकला, असं लिहिलंय. तुझ्या बाजूचंच लिहिलंय.

तिने कागद माझ्या हातातून परत घेतला.

"काढून टाकलं म्हंते," ती म्हणाली, "मंग हे लावलं काऊन?"

दोन वर्षांत, चार गटांत, एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकानेही हे 'का' विचारलं नव्हतं. मीही नाही. मी पाणी आणायला आत गेले आणि जरा जास्तच वेळ लावला.

परत आले तर ती कागद मांडीवर पसरून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण वाटे घालणाऱ्या बाईला काय उरलंय ते बरोबर दिसतं. पांढऱ्या डागांचं बोट तिने तळाच्या ओळीवर ठेवलं.

"अन् हे? हे तुमी नाई वाचलं. इथी काय हाये?"

तिथे माझं नाव होतं.

"तारीख आहे," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, कागदाची नीट घडी घातली आणि पाणी पिऊन गेली.