नईमभाईंचा पुठ्ठा

नईमभाई गेल्याचं मला ग्रुपवरच कळलं. "अब्बू परवा गेले. हार्ट अटॅक. दुआ करा." त्यांच्या मुलीनं त्यांच्याच नंबरावरून टाकलं होतं. थोडं वर नईमभाईंना उद्देशून टाकलेला माझा मेसेज होता, "पिझ्झा म्हणजे भाजी विसरून केलेली पोळी." त्यावर त्यांचं उत्तर आलं नव्हतं आणि वाद जिंकल्याच्या आनंदात मी दोन दिवस काढले होते...

"अकोल्याले जाऊन या," बायको म्हणाली.

"कोण म्हणून जाऊ? मी त्यांचा चेहराही पाहिला नाही."

"रोज तं भांडत होते त्याइच्यासंगं. अजून कोण लागते?"

गोष्ट खरी होती. स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडणाऱ्या पोरांच्या त्या ग्रुपात पन्नाशी ओलांडलेले आम्ही दोघंच. नईमभाई अकोल्यात उर्दू शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. वर्षानुवर्षं जपलेली विद्यार्थ्यांची चित्रं स्कॅन करून ठेवायला त्यांना दमदार कॉम्प्युटर हवा होता. मी अमरावतीत कॉमर्स शिकवतो. मला दुकानदार म्हणाला होता, "काका, तुमाले साधा पुरते." एवढ्या अपमानावर माणूस मदरबोर्ड विकत घेतो.

पोरं पार्ट्सवर बोलत तोवर आम्ही गप्प असायचो. विषय खाण्यावर आला की आमचा नंबर. मी आमच्या अमरावतीच्या गिल्या वड्याच्या बाजूनं. नईमभाई म्हणजे अकोल्याचा पिकल्या दाढीचा माणूस, असं मी धरून चाललो होतो, पण ते निघाले पक्के पिझ्झावाले. पोळीसारखी घडी घालून खायचे म्हणे. "तुमी वडा दह्यात बुडवून काहून ठेवता, भाऊ? त्याचा काय गुन्हा?" असं ते विचारायचे. गिला वडा त्यांनी कधी चाखला नव्हता. अमरावतीला येऊन माझ्यासमोर खाईन आणि मग नावं ठेवीन, असं मात्र कबूल केलं होतं.

दोघांनी सामान एकाच सुमारास घेतलं. व्हिडिओ कॉल लावून जोडायला बसायचो, पण कॅमेरा कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोक्याच्या आत. त्यामुळे मला ठाऊक होती ती त्यांची बोटं, नखांत रंग अडकलेली. रॅमची, म्हणजे मेमरीची पट्टी खाचेत बसवताना मी तिच्यावर नुसता अंगठा फिरवत राहिलो.

"दाबा, भाऊ, दाबा! काहून घाबरून राहिले?"

"मोडली तं?"

"मोडत नाई. तुमी तिले दाबून नाई, कुरवाळून राहिले."

टक्क आवाज आला आणि मी घाम पुसला. सगळं जोडून झाल्यावर दोघांकडेही एकेक पत्र्याची चौकट उरली. कॅबिनेटच्या मागे वायरी खोचायच्या चौकोनात ती आधी बसवायची आणि मदरबोर्ड नंतर, हे सांगणारा व्हिडिओचा पहिला भाग दोघांनीही पळवला होता. मी तर तिला पॅकिंगचा भाग समजून फेकणार होतो. आता बसवायची तर सगळं उसकटायला हवं. मी चौकोन उघडाच ठेवला. नईमभाईंनी महिन्याभरात जाहीर केलं, "आपलं भोक बंद झालं बावा. तुमच्या कॉम्प्युटरमंदी पाल बाळंत होईन एखाद्या दिवशी."

...तर गेलो अकोल्याला. दार मुलीनं उघडलं. सना. मी नाव सांगायला घसा खाकरला, तोच ती म्हणाली, "तुमी गिलावडेवाले चाचा काय?" रस्ताभर घोकलेली ओळख मग सांगावी लागली नाही.

चहा झाला. तिची आई आत होती. सना हळूच म्हणाली, "चाचा, माणसं आली तवा बसाले जागा करासाठी कॉम्प्युटर हलवला. तवापासून नुसता आवाज करते, पडदा काळाच. पोराइचे चित्रं त्यातच हायेत. दुकानात नेला अन् त्याइनं सगळं पुसून टाकलं तं?"

आता ग्रुपमधल्या कोणाही पोरानं हे हसत केलं असतं. तिच्या दारात आलो होतो मी! बाजूचं झाकण उघडलं. नईमभाईंची बोटं ओळखीची, तसं त्यांच्या हातचं कामही ओळखीचं निघालं. प्रत्येक वायर चित्रातल्या रेषेसारखी वळवलेली. रॅमची एक पट्टी एका टोकाला किंचित वर आलेली दिसली. अंगठा ठेवला... आणि जोर लावायची हिंमत होईना. मोडली तर या घरातलं काय मोडेल, ते मला माहीत होतं. सना बघत होती. कुरवाळून राहिलो, हे कोणी सांगायची गरज नव्हती. डोळे मिटून दाबलं.

टक्क.

पडदा उजळला. एका फोल्डरात शेकडो चित्रं, हिरवे डोंगर, दात असलेले सूर्य, मालकापेक्षा मोठी कोंबडी. सना वाकून एकेक चित्र पाहू लागली. मग आत वळून ओरडली, "अम्मी! चालू झाला!"

कॉम्प्युटर जागेवर ठेवताना मागची बाजू माझ्याकडे आली. त्या चौकोनात पत्र्याची चौकट नव्हतीच. पिझ्झाच्या डब्याचा पुठ्ठा होता, प्रत्येक खाचेसाठी ड्रॉइंग मास्तरांच्या हातानं रेखीव कापलेला. मला हसू फुटलं, आणि शोकाच्या घरात हसलो म्हणून ओशाळलो, तर सनाही हसत होती.

परत आल्यावर मी आयुष्यातला पहिला पिझ्झा मागवला. घडी घालून खाल्ला. बरा होता, पण हे ग्रुपवर मी सांगणार नाही. मग रिकामा डबा आणि कात्री घेऊन माझ्या कॉम्प्युटरच्या उघड्या चौकोनासमोर बसलो. माझा पुठ्ठा वाकडातिकडा कापला गेलाय, एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे. कॉम्प्युटर तापला की खोलीभर पिझ्झ्याचा वास सुटतो, आणि बायको आतून विचारते, "आले काय नईमभाई?"