उघड्या डोळ्यांची झोप

मंडळी, आज दुपारी अंगावर काटा आला, म्हणून लिहायला बसले.

माझा भाचा संजू पोलिसात आहे. सलग रात्रपाळ्या करून बेंगळूरच्या बनशंकरी भागात माझ्याकडे जेवायला आला. वर्षभरात फार सुटलाय. भाताचा घास हातात धरून तो मध्येच थांबला. डोळे सताड उघडे, आणि घोरत होता!

मला एकदम अण्णा आठवले, माझे वडील. साठच्या दशकात ते इथेच बेंगळूरला हवालदार होते. रात्रपाळी संपली तरी दिवसा पुन्हा बोलावणं यायचं. झोप नाही, खाणं अवेळी. कमरेचा पट्टा सारखा अपुरा पडायचा.

एके सकाळी ते गणवेशातच घराच्या दारात काठी आडवी धरून उभे राहिले. आई नळावरून घागर घेऊन आली, तर तिलाच अडवलं.

"आत जायची परवानगी नाही."

"अहो, मी आहे!"

ते तिच्याकडे बघत होते, पण नजरेत ओळख नव्हती. मी आत भिंतीला चिकटून उभी होते.

आईनं घागर खाली ठेवली आणि साहेबी आवाजात म्हणाली, "सरी, ठीक आहे हवालदार. तुमची ड्युटी संपली."

अण्णांनी तिला कडक सलाम ठोकला आणि उंबऱ्यावरच कोसळले. संध्याकाळी उठले, तेव्हा त्यांना काहीच आठवत नव्हतं. पन्नाशी गाठायच्या आधीच ते झोपेत गेले.

संजूच्या हातातला घास मी हळूच काढून घेतला, त्याला आडवं केलं. तो अजून झोपलाय. ठाण्यातून सारखे फोन येताहेत.

उठवू का हो त्याला?