शांतवनमामांनी वाचलेली चिठ्ठी

शांतवनमामांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला, वेदीसमोर जाऊन उभे राहिले आणि माझ्या लग्नाची चिठ्ठी वाचू लागले.

त्यांना वाचता येत नव्हतं.

मामा काल गेले. हिंगोलीत, मुलाच्या घरी. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. वय नव्वदीच्या जवळ.

आमच्या गावच्या चर्चचे ते सेवक. झाडणं, घंटा वाजवणं, प्रभुभोजनासाठी मनुका उकळून रस करणं, सगळं त्यांच्याकडे.

हा प्रसंग सत्तरच्या दशकातला. मी बावीस वर्षांची, नुकतंच डी.एड. झालेलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये चिठ्ठी वाचतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. तिसरी चिठ्ठी वाचल्याशिवाय लग्न लागत नाही.

तो माझा तिसरा रविवार. लग्न सोमवारी.

बुधवारपासून उपवासकाळ. म्हणजे पुढे चाळीस दिवस लग्न नाही.

आणि वसमतहून आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "आता झालं तर झालं. पुन्हा यायला मी रिकामी न्हाई."

त्यांच्या मनात भावाची मुलगी होती. सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, शनिवारी डोंगरकडा गावी एका मयताच्या मातीला गेले होते. रविवारी सकाळी तिकडची एसटी आलीच नाही.

दानियल मास्तर चर्चच्या मंडळीचे पंच. नियमाला पक्के. "चिठ्ठी मंडळीच्या पगारी सेवकानंच वाचायची," म्हणाले.

माझे वडील म्हणाले, "मास्तर, आज तुमीच वाचा की."

"मी पगारी हाय का?"

चर्चमध्ये साठेक माणसं. निम्म्यांना वाचता येत होतं. मला तर शिकवताही येत होतं.

तेवढ्यात दाराकडून मामांचा आवाज आला. "मी हाय की पगारी."

"शांतवन, तुला अक्षर तरी येतं का?"

"अक्षर काहून पायजे? दहा साल झाले ऐकून राहिलो."

आणि ते सुरू झाले. 'सर्वांस जाहीर करण्यात येते की', अगदी पाळकसाहेबांच्या चालीत. जिथे साहेब खाकरायचे, तिथे मामाही खाकरले.

मग नावं आली.

"आपली बेबी आन् वसमतचा कंपाउंडर पोरगा..."

बाकांवर हसू फुटलं. मास्तर ओरडले, "पूर्ण नाव!"

"या मंडळीत दुसरी बेबी हाय का, मास्तर?"

शेवटी वडिलांनी पूर्ण नावं सांगितली, मामांनी ती मागोमाग म्हटली.

हरकतीची ओळ पाळकसाहेब घाईत म्हणायचे. मामा ती म्हणाले आणि थांबले. एकेका बाकाकडे बघत राहिले.

सासूबाई उठल्या.



"तुला वाचता येत न्हाई. मंग तुझी चिठ्ठी आमी कशी धरायची?"

"बराबर हाय, आक्का. वाचता न्हाई येत. पर चिठ्ठी कशापायी असती? पोरीचं काय वाकडं असलं तर कुणी सांगावं म्हून. ही फ्रॉकात होती तवापासून बघून राहिलो. वाकडं असतं तर मीच पहिला बोललो असतो."

मग जरा विचार करून, "तोंडानं फटकळ हाय. तेवढं हाय."



"फटकळ चालंल," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात समदेच हायेत."

आणि खाली बसल्या.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. मास्तर तक्रार घेऊन तयारच होते.

"हरकत विचारली का?" साहेबांनी विचारलं.

"विचारली."

"कुणी घेतली?"

"न्हाई. पर साहेब, त्यानं कागद कुटं बघितला?"

"मास्तर, मी तरी कुठं बघतो?"

रजिस्टरमध्ये तिसऱ्या चिठ्ठीसमोर मामांचा अंगठा घेतला.

मामा, त्या चिठ्ठीवर आमचा संसार झाला. चांगला झाला. निवांत जा. सलाम.

त्या रविवारनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लग्न लागलं. पहिली पंगत बसली तेव्हा सासूबाईंनी मामांना हाताला धरून आणलं, वराकडच्या ओळीत बसवलं आणि स्वतः वाढलं.