वर्नाच्या पडवीतले पुरुष

आर्डिस हे आता स्वतःच हसत हसत कबूल करते, आणि सांगताना अजून लाल होते. या गावात राहायला आली, त्या पहिल्याच आठवड्यात तिची पक्की खात्री झाली होती की शेजारची वर्ना टोलेफ्सन घरात पुरुष ठेवते. एक नव्हे, चांगले चार-पाच! सकाळी एकाचा आवाज, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी खर्जातला तिसराच. बाई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार. आणि हे पुरुष बोलायचे काय, तर "डावीकडे वळा", "अजून खाली या", "वेग कमी करा"!

"अगं, मी खिडकी लावून घेतली," आर्डिस सांगते. "मग हळूच परत उघडली."

शेवटी रुबार्बच्या आंबट देठांचा केक द्यायच्या निमित्ताने ती आत घुसली. बघते तर काचेच्या पडवीत, उन्हाच्या कोपऱ्यात, वर्ना एकटी. समोर पावाच्या लादीएवढा रेडिओ. गावाबाहेरच्या विमानतळावर एक रडारची खोली होती. तिथली माणसं उतरायला येणाऱ्या विमानांना रांगेत लावायची, आणि त्यांचं बोलणं वर्ना दिवसभर ऐकायची.

वर्नाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मान न वळवता, मागच्या बाकावर कोण कोणाला चिमटे काढतंय ते तिला आवाजावरून कळायचं. तोच कान तिने आता रेडिओला लावला होता. रडारखोलीतल्या एकालाही तिने कधी पाहिलं नव्हतं, पण नावं मात्र ठेवून मोकळी: एक 'खोकला', एक 'मधाळ', एक 'पायमोजे'.

"पायमोजे का गं?" आर्डिसने विचारलं.

"आवाज ऐक ना. हा माणूस दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालत असणार."

गेल्या हिवाळ्यात पेपरात आलं की ही रडारखोली बंद होणार. आजूबाजूच्या चार गावांचं काम एकशेतीस मैलांवरच्या मोठ्या शहरात, एकाच ठिकाणी चालणार. ही बातमी वाचून आनंद झाला तो फक्त वर्नाचा धाकटा भाऊ ओर्लिन याला. दोन वर्षांपूर्वी तो तिच्याकडे राहायला आला, आणि तेव्हापासून टोमॅटोच्या रोपांसाठी त्या उन्हाच्या कोपऱ्यावर डोळा ठेवून बसला होता.

"तुझा खोका आता मुका होणार," तो म्हणाला. "विमानं डोक्यावर असतात, त्यांची उत्तरं येतील ऐकू. पण विचारणारा एकशेतीस मैलांवर. नुसती उत्तरं ऐकत बसणार का?"

"माणसं जातायत रे, टेकडीवरचा रेडिओचा खांब कुठे जातोय? ती तिकडून तारेवर बोलतील, आवाज आपल्याच खांबावरून निघेल. आमच्या बसचं ऑफिस हललं, तेव्हा माझ्या बसमधला रेडिओ बंद पडला होता का?"

"बस जमिनीवर चालते."

"आणि तू नुसता जिभेवर!"

पैज लागली. बदल झाल्यावरच्या पहिल्या रविवारी बारापर्यंत जमिनीवरचा आवाज आला नाही, तर कोपरा टोमॅटोंचा. साक्षीदार आर्डिस.

ओर्लिन आत गेल्यावर मात्र वर्ना हळूच म्हणाली, "खरं सांगू? खांब काढणारही असतील. मला कुठे कुणी विचारलंय? आणि पायमोजे रिटायर होतोय, शनिवार शेवटचा. निरोपसुद्धा घेता येत नाही गं. आपण फक्त ऐकायचं."

रविवारी आर्डिस दालचिनीचे रोल घेऊन आली. ओर्लिन अंड्यांच्या खोक्यांत लावलेली रोपं घेऊन दारातच उभा. रेडिओ नुसता खरखरत होता. साडेअकरा झाले. पावणेबारा. वर्नाने तीनदा चष्मा पुसला.

मग वरून एका छोट्या विमानाचा वैमानिक बोलला, "गाईवर आहे, दोन हजार फूट, उतरायला येतोय."

उत्तर नाही.

"बघ!" ओर्लिनने टेप काढून कोपरा मोजायला घेतला. "अर्धंच येतंय. बाई, उठ आता."

वर्ना हलली नाही. आर्डिसच्या हातातला रोल हातातच राहिला.

आणि खणखणीत, शेजारच्या खोलीत असल्यासारखा, एका बाईचा आवाज आला. "पुन्हा सांगा. कुठल्या गाईवर?"

आर्डिसने टाळ्याच वाजवल्या. ओर्लिन मात्र टेप गुंडाळेना. "ही आपल्याच विमानतळावरची कुणीतरी असेल. बदल पुढे ढकलला असेल. सरकारी काम आहे."

"ओर्लिन," वर्ना म्हणाली, अगदी बस थांबवून बोलायची तशा आवाजात. "चीज फॅक्टरीच्या छपरावरची वीस फुटी पत्र्याची गाय. तिच्यावरून वळायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुठली गाय हे विचारणारी बाई आपल्या गावात असेल का?"

ओर्लिन टेप गुंडाळायला लागला. वर वैमानिक बिचारा त्या बाईला गाय समजावून सांगत होता.

"पण तुझी ती जुनी माणसं तर गेलीच ना?" ओर्लिनने शेवटचा खडा टाकून पाहिला.

"दर सप्टेंबरला माझ्या बसमध्ये नवी पोरं यायची. आठवड्यात मी ओळखायला लागायचे. हिचं नाव आजच ठरलं, 'कुठली गाय'." वर्नाने रोलचा मोठा तुकडा तोडला. "आणि तुझे टोमॅटो न्हाणीघरात ठेव. तिथेही खिडकी आहे."

"ती उत्तरेकडे आहे, तिथे ऊन येत नाही!"

"मग त्यांना उजवीकडे वळायला सांग," वर्ना म्हणाली, आणि रेडिओचा आवाज वाढवला.