नळीतली अक्षत

बेसिंगस्टोकच्या आमच्या घरात एक पिस्तूल होतं आणि मला त्याची भीती वाटायची. सापाची, विमानाची, लिफ्टची भीती निदान त्या त्या ठिकाणी गेल्यावर वाटते. ही भीती आमच्या बेडरूममध्ये, भिंतीतल्या कपाटात, माझ्या पैठणीच्या शेजारी राहत होती. तिच्यासाठी आत आणखी एक पोलादी कपाट भिंतीला बोल्ट मारून बसवलं होतं आणि त्याच्या किल्ल्या फक्त नवऱ्याकडे असायच्या. तसा कायदाच होता. ज्या घरात हिंग कुठल्या डबीत आहे हेसुद्धा मला विचारावं लागतं, त्या घरात एक वस्तू अशी होती की ती नेमकी केव्हा कुलपात आहे आणि केव्हा नाही हे मला कळत नसे.

इंग्लंडमध्ये साधी पिस्तुलं बाळगायला बंदी आहे. मी इथे आले त्याच्या काही वर्षं आधीच ती आली होती, आणि हे ऐकून मला हा देश शहाणा वाटला होता. पण बंदीतून एक विचित्र प्रकार सुटला: हातभर लांब नळीचं पिस्तूल. मागूनही एक सळई बाहेर आलेली, म्हणजे कुणाला ते खिशात लपवता येऊ नये. दिसायला अगदी बेढब. नेमबाजीच्या क्लबात नाव घालून, पोलिसांचा परवाना काढून ते ठेवता येतं. नवऱ्याने हे सगळं रीतसर केलं. परवान्याआधी एक पोलीस अधिकारी घरी आला, चहा प्याला, कपाट हलवून पाहिलं आणि जाताना मला विचारलं की तुम्हाला हे चालणार आहे ना. मी हो म्हणाले.

हो म्हणायला कारण होतं. इथल्या पहिल्या दोन हिवाळ्यांत नवरा कामावरून यायचा आणि बंद टीव्हीसमोर बसून राहायचा. विचारलं तर "काही नाही गं, टायर्ड आहे" एवढंच. मग ऑफिसातल्या एकाने त्याला त्या क्लबात नेलं. कॉलेजात एनसीसीत असताना याची नेमबाजी चांगली होती. त्या रविवारी तो घरी आला तो शीळ घालत. ते मी विसरू शकत नव्हते, म्हणून पिस्तूल सहन करत होते.

माझी भीती उगाच नव्हती, हेही सांगून टाकते. मी शाळेत असताना दिवाळीत माझ्या मोठ्या भावाने सुतळी बॉम्ब पेटवला. वात जळाली, फुस्स झालं, बार उडाला नाही. तो वाकून बघायला गेला आणि तेव्हा उडाला. त्याच्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. मोठ्या आवाजाला मी दचकते खरी, पण ज्या आवाजाला मी खरोखर घाबरते तो लहान आवाज आहे.

क्लबात मिळणाऱ्या गोळ्या चांगल्या होत्या, पण महाग. एका शनिवारी नवऱ्याने दूरच्या एका दुकानातून ऑफरमधल्या गोळ्यांचा मोठा डबा आणला. मराठी माणूस सातासमुद्रापार गेला तरी सेलची पाटी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. त्या गोळ्यांवरून क्लबातल्या म्हाताऱ्यांत चहाच्या वेळी वाद झाला, तो मी त्याला न्यायला गेले असताना ऐकला. एक जण म्हणाला, स्वस्त गोळ्यांनी नळी जरा जास्त काळी होते, बाकी काही नाही. दुसऱ्याने नकारार्थी मान हलवली आणि असल्या एका गोळीने माझ्या मित्राचं पिस्तूल कायमचं गेलं असं सांगितलं. कसं गेलं, ते कुणी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मी विचारलं.

"अगं, पिस्तुलाला काही होत नाही," नवरा म्हणाला. "गन सेफ असते. तू उगाच पॅनिक होतेस."

तो पिस्तुलाबद्दल बोलत होता. मी विचारलं होतं ते पिस्तूल धरणाऱ्याबद्दल.

त्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सासरे फौजेत सुभेदार होते आणि त्या गोष्टीला त्यांच्या घरात फार मान होता. मी कुकरच्या शिट्टीला दचकले की सासूबाई हसून म्हणायच्या, "फौजीच्या घरात सून मात्र सशाच्या काळजाची आली." वर "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" हेही ऐकवायच्या. मला राग यायचा. पण त्या कशालाच भीत नाहीत याचा हेवाही वाटायचा.

खंडेनवमी आली. सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं की घरात शस्त्र आहे, तर त्याची पूजा झालीच पाहिजे. त्यांच्या घरी या दिवशी सासऱ्यांच्या बंदुकीची पूजा कधी चुकली नव्हती. नवऱ्याने परवान्याचा नियम सांगितला: दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग तोडगा निघाला. त्याने पिस्तूल काढायचं, रिकामं असल्याचं पाहायचं, पाटावर ठेवून स्वतः धरून बसायचं, आणि आईने लांबून कुंकू लावायचं. मी वेम्बलीच्या भारतीय बाजारातून आणलेली झेंडूची फुलं ताटात ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्याहून जवळ जायची माझी तयारी नव्हती.

सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. काही पाटावर पडल्या, काही नवऱ्याच्या मांडीवर. आणि काही नळीच्या तोंडाशी. कुंकवाने ओली झालेली एक अक्षत नळीच्या कडेला चिकटलेली मी दारातून पाहिली. नंतर पाहिलं तर ती तिथे नव्हती. मी नवऱ्याला म्हणाले, आत गेली वाटतं. त्याने नळी खाली करून झटकली, दिव्यासमोर धरून आत बघितलं आणि स्वच्छ आहे म्हणाला. सासूबाई ताट उचलत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, मला चिडवलंही नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि नेमका रविवार. सासूबाईंना लेकाची नेमबाजी बघायची होती. निघताना नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "प्लीज, आज सीन करू नकोस."

क्लबाची जागा म्हणजे जुन्या खडूच्या खाणीतली एक लांब शेड. पुढे उघडं, समोर लक्ष्यं, त्यामागे मातीचा उंच बंधारा. आम्हा पाहुण्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि कानांवर जाडजूड कर्णरक्षक दिले. सासूबाईंनी ते पदरावरून घातले. तिथला देखरेख करणारा म्हातारा इंग्रज सगळ्यांना सूचना देत होता: कुणालाही काही धोक्याचं दिसलं तर त्याने ओरडून थांबवावं, मग तो पाहुणा असला तरी. मी मनात म्हटलं, तसं असेल तर मला आत्ताच ओरडायला हवं.

नवऱ्याची पाळी आली. ठरलेल्या वेळात भराभर पाच गोळ्या मारायच्या होत्या. डब्यातल्या त्या स्वस्त गोळ्या त्याने माझ्यासमोर भरल्या. एवढ्यात सासूबाईंनी माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं, म्हणून मी एका कानावरचं बाजूला केलं. पहिली गोळी सुटली. कान बधिर झाला. दुसरी सुटली.

तिसरी सुटली नाही. नुसतं फुस्स झालं.

तो आवाज मी बालपणापासून ओळखत होते. नळीच्या तोंडातून जरासा धूर आला. नवऱ्याच्या कानांवर जाड आवरण, डोक्यात घड्याळ. पिस्तूल आपोआप पुढची गोळी घेईना, म्हणून त्याने हाताने वरचा सरकता भाग मागे ओढला, नवी गोळी आत सरकवली आणि पुन्हा नेम धरला. मला ओरडायचं होतं. बाकावरून त्याचा चेहरा मला बाजूने दिसत होता, चष्म्यामागे एक उघडा डोळा, आणि मला माझा भाऊ अंगणात वाकलेला दिसत होता. मी सासूबाईंचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की त्यांची बांगडी वाकली.

सासूबाई उठल्या. पदर सांभाळत त्या थेट पुढे गेल्या, जिथे जायची कुणाही पाहुण्याला परवानगी नव्हती, आणि ओरडल्या, "बाळा, थांब! नळीत अक्षत आहे!"

भाषा कुणाला कळली नसेल, पण आवाज कळला. म्हाताऱ्याने मोठ्याने "स्टॉप" म्हटलं आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. सगळ्या शेडमध्ये शस्त्रं खाली ठेवली गेली.

म्हाताऱ्याने पिस्तूल रिकामं करवलं आणि पितळेची सळई नळीच्या तोंडातून आत घातली. ती अर्ध्यावर अडली. त्याने हलकेच ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि मागून शेंगदाण्याएवढी करडी शिशाची गोळी टेबलावर पडली. ती नळीतच अडकून राहिली होती. तिच्यामागे दुसरी सुटायची तेवढी बाकी होती.

"तांदूळ निघाला का?" सासूबाईंनी विचारलं.

नवरा नाही म्हणाला. त्या म्हणाल्या, नीट बघ. मग त्याला त्या इंग्रजाला सांगावंच लागलं की काल आमच्याकडे या पिस्तुलाची पूजा झाली आणि आईला वाटतंय की तिने टाकलेला तांदूळ आत अडकला. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. म्हातारा हसला नाही. त्याने पांढऱ्या कापडाचा तुकडा नळीतून आरपार ओढला आणि सासूबाईंच्या हातात दिला. त्यावर काजळी होती, दुसरं काही नव्हतं. एखादा तांदूळ असता तरी पहिल्याच गोळीने उडून गेला असता, तो म्हणाला. या गोळीत दारूच कमी भरली गेली होती. स्वस्त मालात असं कधीतरी होतं.

मी उठून तिथवर गेले होते. मी त्याला विचारलं की मग या गोळ्यांनी पिस्तूल बिघडतं की नाही. तो म्हणाला, अशा फुसक्या गोळीने बिघडत नाही. ती आत असताना दुसरी मारली तर बिघडतं. बहुतेक वेळा नळी फुगते आणि पिस्तूल टाकून द्यावं लागतं.

"बहुतेक वेळा?" मी म्हणाले.

त्याने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

नवरा शहाणा होता, त्याने डबा क्लबातच सोडला होता. घरी आल्यावर तो वर जाऊन कपाट बंद करत होता तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. दसऱ्याचं जेवण करायचं होतं, पण पुरीची कणीक त्यांनी परातीत अर्धवट मळून तशीच सोडली होती. मी परात माझ्याकडे ओढली. त्यांच्या मनगटावर माझी बोटं उमटलेली दिसत होती. मी म्हणाले, आई, तुम्हाला कालपासूनच वाटत होतं ना?

"वाटत होतं. अक्षत आत जाताना मी पाहिली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सुभेदाराची बायको मी. तुला ससा म्हणणारी. कोणत्या तोंडाने बोलू?" त्यांनी वाकलेली बांगडी मनगटावर फिरवली. "तुला काय वाटतं, मी दरवर्षी त्यांच्या घरातल्या बंदुकीला कुंकू लावायचे ती शूर होते म्हणून? ते सीमेवर असायचे. मी तिला हात जोडून म्हणायचे, बाई, काय हवं ते घे, पण यांना तेवढं सोड. ही पूजा भीतीचीच असते गं. बायका कुणाला सांगत नाहीत एवढंच."

मी कणीक मळत राहिले. त्यानंतर त्यांनी मला कधी ससा म्हटलं नाही.

नवऱ्याने नेमबाजी सोडली नाही आणि मीही सोड म्हटलं नाही. गोळ्या मात्र त्याने क्लबातल्याच घेतल्या. पुढच्या वर्षी खंडेनवमीला सासूबाई साताऱ्यात होत्या. मी ताट केलं, नवऱ्याने पाटावर पिस्तूल धरलं, आणि या वेळी मी दारात उभी न राहता समोर बसले. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, अक्षता वाहिल्या नाहीत. मग हात जोडले आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, बाई, यांना तेवढं सोड.