टेपवरचं रडणं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? ते विचारू नका — मलाच ठाऊक नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्या विद्यापीठात एकच वारं होतं — परदेश. परदेशी पाहुणे आणा, करार करा, पोरं पाठवा, पोरं बोलवा. आमचा लोकसाहित्याचा विभाग म्हणजे तीन खोल्या अन् गळकं छत. पण विभागप्रमुखांनी युरोपातल्या एक प्राध्यापकबाई मिळवल्या. बाईंना तांड्यावरची गाणी हवी होती. प्रमुख मला म्हणाले, "पवार, तुम्ही हिंगोलीकडचे ना? तुम्हीच न्या."

आता पवार गावातही असतात अन् तांड्यावरही. विभागात सगळे मला गावातला, शेतीवाडीवाला धरून चालले होते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं कुठं बोललो होतो? — बघा, अजून वकिली करतोच आहे!

कनेरगाव नाक्याच्या पलीकडे एका परक्या तांड्यावर न्यायचं ठरवलं होतं मी. पोचलो तर तिथं चिटपाखरू नाही, सगळे हळद काढायला गेलेले. बाईंचं तोंड उतरलं. "दुसरा तांडा बघा," प्रमुख म्हणाले. ड्रायव्हर त्याच भागातला. त्यानं मला न विचारताच जीप पुढच्या तांड्यावर घातली. माझ्या.

तिथंही सगळे रानात. दारात एकटी याडी — माझी आई.

आमच्यात — हो, आमच्यात — आपलं माणूस फार दिवसांनी भेटलं की बाया गळ्यात पडून रडतात. चालीवर रडतात. काहून आला नाहीस, वाट बघून डोळे गेले, सगळं त्यात येतं. परक्यासाठी हे कधीच नसतं. याडीनं मला बघितलं, धावत आली, गळ्यात पडली अन् आमच्या बोलीत सूर लावला.

बाईंनी टेप सुरू केला. हे काय चाललंय, म्हणून विचारलं. प्रमुख माझ्याकडं बघून राहिले होते. अन् मी — आईचे हात गळ्यातून सोडवत इंग्रजीत म्हणालो, ही यांची पाहुण्यांच्या स्वागताची रीत. वर बाईंकडं बोट केलं.

काहून? लाजलो? भ्यालो? कुणाला? नोकरी काही जाणार नव्हती. किती वेळा उलटंपालटं करून बघितलं, हाती काही लागत नाही.

आईला इंग्रजी कुठलं कळायला? तिनं माझं बोट कुणाकडं आहे ते बघितलं. मग बाईंकडं गेली, त्यांच्या गळ्यात पडली, अन् तोच सूर पुन्हा लावला. शब्दही तेच — लेकरा, किती दिवसांनी आलास. बाईंचे डोळे भरून आले.

करार झाला. मी त्या देशात जाऊन भाषण देऊन आलो, टाळ्या घेतल्या. तो टेप तिथं 'अनोळखी पाहुण्याचं स्वागत' म्हणून विद्यार्थ्यांना ऐकवतात. अर्थ मीच करून दिलाय. 'लेकरा' होतं तिथं मी 'पाहुण्या' केलंय.

आई आता नाही. तिनं पुढं हा विषय कधी काढला नाही, मीही नाही.

पण त्या दिवशी निघताना ती जीपपाशी आली होती. माझ्याशी ती जन्मात मराठी बोलली नव्हती. घरात आमची बोलीच. त्या दिवशी सगळ्यांदेखत मराठीत बोलली — "बराबर झालं न्हवं, सायेब?"

मी 'हो' म्हणालो अन् जीपमध्ये बसलो.